बेंचवरचा फ्रेंच

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, मास्तर, नोकरीतल्या आठवणी लिहा, पण फुगवू नका. आता आमच्या वऱ्हाडातला उन्हाळा नुसता आहे तसा सांगितला तरी पुण्या-मुंबईच्या माणसाला तो फुगवलेला वाटतो, त्याला मी काय करणार? तेव्हा आधीच सांगून टाकतो. खाली लिहिलंय ते सगळं घडलेलं आहे, मापं तेवढी माझी आहेत. ज्याला जास्त वाटतील त्यानं निम्मी करून घ्यावीत. निम्मी करूनही पुष्कळ उरतं.

मी खामगावच्या एका कॉलेजात खेळाचा मास्तर होतो. कागदावर माझा हुद्दा लांबलचक आणि इंग्रजीत होता, पण गावात मला ‘शिट्टीमास्तर’ म्हणत. लोकांना वाटायचं, या माणसाला काही काम नाही, शिट्टी फुंकतो आणि पगार घेतो. खरं म्हणजे खेळाच्या मास्तराचं निम्मं काम मैदानाबाहेरच असतं. बॉलमध्ये हवा भरायची, चुन्याच्या रेघा आखायच्या, मुरगळलेल्या पायाला हळद लावायची, आणि पोरांच्या बापांना समजवायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. बॉलमध्ये निदान हवा तरी भरता येते.

आमच्या संघाचा कॅप्टन समाधान. रोहिणखेडचा पोरगा, उंचीनं जेमतेम, पण पायात वारा. एक दिवस त्याचे वडील उपरणं झटकत मैदानावर आले.

“मास्तर, माह्या पोट्ट्याले तुमी इथं काय शिकवून राह्यले?”

“बास्केटबॉल.”

“म्हंजे?”

“टोपलीत चेंडू टाकायचा.”

“टोपल्या तं आमच्या घरी बम पडल्या हायेत. त्याच्यासाठी रोहिणखेडावून खामगावले काऊन याव लागते?”

मी वाद घातला नाही. त्यांच्या हातात बॉल दिला आणि म्हटलं, टाका. त्यांनी टाकला, तो खांबाच्या पलीकडे गेला. पुन्हा टाकला, तो माझ्या डोक्यावर आला. सूर्य कलायला लागला तरी म्हातारा हटेना. शेवटी एक गेला आत. मग त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि समाधानला म्हणाले, “शीक बे नीट. सोपं नाही हाय.”

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे पाच-पाच जण. मैदानाच्या दोन टोकांना उंच खांब, खांबाला फळी, फळीला लोखंडी कडं, कड्याला जाळी. बॉल वरून कड्यात टाकायचा, की दोन गुण. बॉल हातात धरून पळायचं नाही, जमिनीवर आपटत आपटत न्यायचा. धक्काबुक्की केली तर फाऊल, आणि पाच फाऊल झाले की तो खेळाडू बाहेर. बस, एवढाच खेळ. बाकी सगळी भांडणं.

आमचे खांब जळगाव जामोदहून आणलेल्या सागाचे होते. कडी लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडाची ठोकून घेतलेली. जाळ्या कॉलेजचा शिपाई किसन यानं सुतळीच्या विणल्या होत्या. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की एकदा आमचा बॉल भेगेत गेला तो थेट रोहिणखेडच्या विहिरीत निघाला असं लोक सांगतात. मी एवढं मानत नाही. तो मोताळ्याजवळच निघाला होता.

मैदानाचं उद्‌घाटन संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी केलं. आबासाहेब म्हणजे मोठे बागायतदार, जिनिंगचे मालक, आवाज असा की गाठी बांधायचं यंत्र मध्येच थांबावं. त्यांनी पहिला बॉल टाकला. किसननं शिडीवर चढून तो वरच्या वर कड्यात ढकलला, टाळ्या झाल्या, आणि बॉल खालून पडला. आबासाहेबांचा चेहरा उतरला.

“मास्तर, टोपलीले बूडच नाही!”

“आबासाहेब, तशीच असते ती.”

“तशीच असते म्हंजे? संस्थेचा पैसा हाय. एवढं करून बूड लावाचं राहून गेलं म्हंता? लावा!”

अध्यक्षांचा हुकूम. किसननं त्या जाळीचं तोंड खालून सुतळीनं असं आवळून टाकलं की बॉल आत गेला की आतच बसायचा, अंड्यासारखा. मग किसन लांब बांबू घेऊन यायचा आणि खालून ढोसून तो काढायचा. दुसऱ्या टोकाच्या टोपलीला मी हात लावला नाही, कारण तिकडे ऊन असायचं आणि आबासाहेब उन्हात जात नसत. बाहेरगावचे संघ तक्रार करायचे, की एका टोपलीला बूड आहे, एकीला नाही, हा काय प्रकार? मी म्हणायचो, अर्धा खेळ झाला की बाजू बदलतेच ना? अर्धा वेळ तुम्हाला बूड, अर्धा वेळ आम्हाला.

असं आमचं छान चाललं होतं. तेवढ्यात नवे प्राचार्य आले. राज्य नवं झालं होतं, पुण्याची माणसं आमच्याकडे यायला लागली होती. हे गृहस्थ विद्वान होते, सज्जन होते, आणि वनस्पतिशास्त्राचे होते. तिथंच घात झाला. त्यांनी आल्या आल्या सगळ्या आवारात फिरून पाहिलं आणि माझ्या मैदानावर थांबून डोळे मिटले. मी समजलो की हे बरं लक्षण नाही.

“इंगळे,” ते म्हणाले, “इथे किती सुंदर बाग होईल! औषधी वनस्पतींचे वाफे, मधोमध कारंजे.”

“साहेब, इथं बास्केटबॉल आहे.”

“तो खेळ आपल्या भागात रुजेल असे मला वाटत नाही.” वनस्पतिशास्त्राचा माणूस, त्याला सगळ्या जगात रुजण्याचीच काळजी.

प्रकरण आबासाहेबांकडे गेलं. त्यांना कारंजं फार आवडलं. पण मी त्यांच्याकडे जाऊन आठवण करून दिली की त्यांच्या वडलांच्या नावाचा चषक याच मैदानावर खेळला जातो. आबासाहेबांनी मिशीवर हात फिरवला.

“माह्या बापाचा कप दरसाल अमरावतीवाले घेऊन जातात ना मास्तर? घरच्या कपाले घर नाही. मंग तुमचं मैदान कायले पाहिजे? यंदा कप इथं राह्यला तं मैदान राहीन. नाही राह्यला तं साहेबाले कारंजं.”

बाहेर प्राचार्यांनी खांबांकडे बोट दाखवून किसनला विचारलं, “हे उपटायला सोपे आहेत का?” किसन म्हणाला, “हाव, खाली मीच पुरले.” त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. बायको म्हणायची एक भाकरी कमी, मला वाटतं चार.

आणि याच सुमाराला गास्पार आला.

गावातल्या एका तेलगिरणीनं परदेशातून नवं यंत्र मागवलं होतं. ते जोडून द्यायला कंपनीनं माणूस पाठवला, यंत्र मात्र मुंबईच्या बंदरात अडकलं. माणूस आला, मशीन नाही. तो फ्रान्सचा, शिकलेला अमेरिकेत. जलंबहून येणाऱ्या आमच्या छोट्या आगगाडीतून तो उतरला तेव्हा आधी डोकं उतरलं, बऱ्याच वेळानं पाय उतरले. टांग्यात मागं बसला तर घोडा हवेत गेला. टांगेवाल्यानं घोड्याच्या गळ्यात सरकीचं पोतं बांधलं तेव्हा तो जमिनीवर आला. गिरणीच्या खोलीत त्याला दोन बाजा जोडून दिल्या तरी पाय खिडकीबाहेर. सकाळी त्या पायांवर पारवे बसायचे.

त्याचं नाव लोकांच्या तोंडात बसेना. टांगेवाल्यानं ‘घासपार’ केलं, आणि पोरांनी ‘घासपारभाऊ’. त्यालाही ते आवडलं.

कॉलेजवरून जाता जाता त्याला सागाचे खांब दिसले. त्यानं चालत्या टांग्यातून खाली पाय ठेवला (उडी मारायची त्याला गरजच नव्हती) आणि सरळ माझ्याकडे आला. माझं इंग्रजी मैदानापुरतं: कम, गो, रन, फाऊल. त्याचंही इंग्रजी नाकातून यायचं. त्यामुळे आम्ही एकमेकांना फार लवकर समजलो.

“यू, बास्केटबॉल?” मी विचारलं.

“येस. अमेरिका. कॉलेज टीम.”

माझ्या हातातली शिट्टी खाली पडली. “तिथं कुठल्या जागी?”

“बेंच,” तो म्हणाला.

आता पाहा, आमच्या विदर्भात तेव्हा बेंच एकच होतं. नागपूरचं, हायकोर्टाचं. वकील मंडळी उठता बसता “बेंचपुढं उभा होतो” असं छाती काढून सांगायची. मी काय समजणार? मी समजलो, हा अमेरिकेत खेळातला न्यायाधीश होता. चहाच्या हॉटेलात मी एवढंच बोललो. आठवडी बाजार होऊन गेला तेव्हा त्याच्या सहीशिवाय अमेरिकेत सामना सुरू होत नव्हता, आणि जळगाव जामोदपर्यंत बातमी गेली तेव्हा त्यानं तिथल्या एका कॉलेजला जन्मभर खेळण्याची बंदी घातली होती. ही शेवटची भर माझी नव्हे. पहिल्या दोन माझ्या.

आबासाहेब स्वतः त्याला भेटायला आले. “बेंचवाले साहेब आमच्या संघात खेळतीन का?” चषकाची स्पर्धा खुली होती, कोणीही कोणाकडून खेळावं. मी म्हटलं, खेळतील. गास्पार मान हलवत होता. मला वाटलं, होकार आहे. नंतर कळलं, त्यांच्याकडे मान अशी हलवली की नाही म्हणतात.

त्यानं आमच्या पोरांना शिकवायला मात्र लगेच सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. समाधाननं बॉल हिसकावला, पुढं मैदान मोकळं, कोणी आडवं नाही. गास्पार बाहेरून हात हलवत ओरडला, “आले! आले!”

समाधान जागच्या जागी थांबला आणि मागं वळून पाहायला लागला. बाकीचे चारही वळले. बॉल गडगडत गटारात गेला.

पुन्हा तसंच. पोरगं सुटलं की हा ओरडायचा “आले!” आणि पोरगं थांबून मागं पाहायचं. गास्पारनं कपाळाला हात लावला. मी पोरांवर तुटून पडलो.

“काऊन थांबता बे? भुतं दिसतात का मागं?”

“सर, तोच तं म्हंते ना, आले म्हून!” समाधान म्हणाला. “आमी पाह्यलं, कोन आले. कोनीच नाही आलं.”

मग उलगडा झाला. त्यांच्या भाषेत ‘आले’ म्हणजे ‘चला, पुढं व्हा’. आमच्या भाषेत आले म्हणजे आले. तो पोरांना पुढं ढकलत होता आणि पोरं पाहुण्यांची वाट पाहत होती. हे कळल्यावर तो इतका हसला की हसता हसता खांबाला टेकला आणि खांब हलला. सागाचा खांब. त्यानंतर ती आमची खूणच झाली. आले म्हटलं की मागं न बघता सुटायचं. पोरांना ती सवय लावायला फार दिवस गेले, कारण मागं वळून पाहणं हा आमच्याकडे रक्तातला गुण आहे. रस्त्यानं नुसती बैलगाडी गेली तरी आम्ही माना वळवतो.

बदल्यात पोरांनी त्याला आपली भाषा शिकवली. एक दिवस प्राचार्य सुतळीची दोरी घेऊन मैदानाची मापं घेत होते. त्यांनी अत्यंत शुद्ध इंग्रजीत त्याची प्रकृती विचारली. गास्पार वाकला, हसला आणि म्हणाला, “बरं हाय ना बे! तुमी काय करून राह्यले?” प्राचार्यांच्या हातातली दोरी सुटली.

माझ्या घरी तो जेवायला यायचा. बायकोनं पहिल्या दिवशी पिठलं, भाकरी आणि ठेचा वाढला. त्यानं ठेचा चटणीएवढा नव्हे, भाजीएवढा घेतला. त्याचे कान असे लाल झाले की मी आमची चिमणी विझवली तरी घरात उजेड होता.

“अहो, त्याले दही द्या ना! पाहात काय बसले?” बायको ओरडली.

दही खाऊन झाल्यावर, डोळे पुसत, ओसरीवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. नदीकाठचं त्याचं लहान गाव, बाप भट्टीवर पाव भाजायचा. गावात एवढा उंच हा एकटाच. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा मास्तर सुट्टीत फिरायला आला होता, त्यानं याला पाहिलं आणि म्हणाला, आमच्याकडे खेळ, शिक्षण फुकट. हा बोटीत बसून गेला. तिथं जाऊन पाहतो तर संघातले सगळेच एवढे उंच! गावात हा झाड होता, तिथं जंगलात जाऊन उभा राहिला.

“मग?”

“मग बेंच.”

आणि तेव्हा मला कळलं, बेंच म्हणजे काय. त्यानं ओसरीवरचा बाक दाखवला आणि त्याच्या अगदी टोकाला, गुडघे जवळ घेऊन बसून दाखवलं. कपडे घालायचे, बुटाच्या नाड्या बांधायच्या, सगळ्यांबरोबर मैदानात पळून अंग गरम करायचं, आणि मग तिथं बसायचं. मास्तर त्याला उठवायचा, नाही असं नाही. सामना हातातून गेला की, किंवा पक्का जिंकला की. तोवर लोक कोट चढवून दाराकडे निघालेले असायचे.

“मी टाकला ना बॉल,” गास्पार म्हणाला, “आत गेला. पण लोक? सगळ्याईची पाठ. मी अमेरिकेत पाठ पाह्यली.”

हे बोलताना तो हसत होता. मी पण हसलो. बायको मात्र आत गेली आणि तिनं त्याच्यासाठी आणखी दही आणलं.

मी त्याला म्हटलं, इथं खेळ. तो म्हणाला, नाही, मी बेंचवरच बरा. त्याची मला सवय आहे. मग मी माझं डोकं चालवलं. म्हटलं, ठीक आहे, बेंचवर तर बेंचवर. शेतात बुजगावणं काही काम करत नाही, नुसतं उभं असतं, तरी पाखरं येत नाहीत.

स्पर्धेत तसंच झालं. वर्गातला एक बाक आणून मी मैदानाच्या कडेला ठेवला आणि त्यावर गास्पारला टॉवेल देऊन बसवलं. येणाऱ्या प्रत्येक संघाचा एक डोळा बॉलवर आणि एक बाकावर. आता उठतो की मग उठतो! अर्धे त्याच्या धाकानंच चुकले. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो, समोर अर्थातच अमरावतीवाले.

त्या दिवशी सगळं खामगाव मैदानावर होतं. जिनिंग बंद, गिरण्या बंद. समाधानचे वडील रोहिणखेडहून बैलगाडी भरून माणसं घेऊन आले होते आणि प्रत्येकाला सांगत होते, दिसते तेवढं सोपं नाही हाय. आबासाहेबांनी मुंबईच्या एका मंत्र्यांना बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. फाटकावर कमान, कमानीखाली बँडवाले, आणि मंडपात आबासाहेब हातात झेंडूचा हार घेऊन. मंत्री दुपारी यायचे होते, सामना संपत आला तरी पत्ता नाही. हार कोमेजत होता आणि आबासाहेबही. प्राचार्य त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या खिशातून कसल्यातरी रोपाचं पान डोकावत होतं, ते मला लांबून दिसत होतं.

अमरावतीवाले एका गुणानं पुढं. दुसरा अर्धा, म्हणजे आम्ही बुडाच्या टोपलीकडे टाकत होतो. तेवढ्यात आमच्या एका पोराचा पाचवा फाऊल झाला. पंचांनी त्याला बाहेर काढलं. मी बाकाकडे पाहिलं. बाकावर टॉवेल होता आणि गास्पार होता.

“ऊठ,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. “मॅच खतम झाली?”

“नाही झाली.”

“नाही झाली? मग मी काऊन?”

मी म्हटलं, “ऊठ ना बे!”

तो उठला. उठतच राहिला. लोकांत असा आवाज झाला की फाटकावरच्या टांग्याचा घोडा बिथरला. अमरावतीच्या पोरांनी ज्या बेंचवाल्याला नुसतं बसलेलं पाहिलं होतं, तो आता त्यांच्यात येऊन उभा राहिला. आणि मी सांगतो, येताना तो स्वतःच्याच पायांत दोनदा अडखळला. मला वाटलं आता हा पडतो आणि तीन-चार जणांना घेऊनच पडतो.

घड्याळ धरलेला माणूस एका हातानं घंटेचा हातोडा उचलून तयार. बॉल अमरावतीकडे. त्यांचा कॅप्टन बॉल आपटत नुसता वेळ काढत होता. समाधान त्याच्या पायांत घुसला, मांजरासारखा, आणि बॉल घेऊन बाहेर आला. पुढं एकटा गास्पार, टोपलीखाली. आणि अंगातली जुनी सवय उसळून आली असेल, गास्पार जीव तोडून ओरडला:

“आले! आले!”

आमची पोरं सुटली. एकानंही मागं पाहिलं नाही.

बाकीच्या सगळ्यांनी पाहिलं! अमरावतीची पाचही पोरं, तीही वऱ्हाडातलीच ना, गर्रकन फाटकाकडे वळली. पंच वळले. घंटेवाला वळला. मंडप वळला. समाधानचे वडील गाडीवर उभे राहून वळले. बँडवाल्यांनी बँड सुरू केला. आबासाहेब हार घेऊन फाटकाकडे धावले, त्यांच्यामागं प्राचार्य, त्यांच्यामागं अर्धं खामगाव. फाटकात उसाच्या रसाची गाडी ढकलत एक म्हातारा उभा होता. आबासाहेबांच्या हातातला हार जवळजवळ त्याच्या गळ्यात गेलाच होता.

तेवढ्यात घंटा झाली. घंटेवाल्यानं भान आल्यावर दिली.

लोक परत वळले. बॉल कुठं आहे? बॉल टोपलीत होता. बूड लावलेल्या टोपलीत, अंड्यासारखा बसलेला. आणि खाली गास्पार दोन्ही हात अजून वरच धरून उभा होता.

“हे चालणार नाही!” अमरावतीचा मास्तर ओरडला. “कोणी टाकला? कधी टाकला? पाह्यला का कोणी?”

“मी पाह्यला,” मी म्हटलं. “या डोळ्यांनी. असा कमानीसारखा गेला.”

“तुम्ही त्यांचेच मास्तर!”

पंच गोंधळले. ते एकदा बॉलकडे पाहत, एकदा घंटेकडे. त्यांनी आबासाहेबांना विचारलं, “आपण पाहिलंत का?”

आबासाहेब धापा टाकत आले होते. त्यांनी वर टोपलीकडे पाहिलं, त्यांच्या त्या टोपलीकडे. छाती फुगली.

“मी नाही पाह्यलं,” ते म्हणाले. “तुमी बी नाही पाह्यलं. पन टोपलीनं पाह्यलं ना! बूड काऊन लावलं होतं मंग? आपल्या मनानं आत जाऊन बसाले तो काय कबुतर हाय?”

पंच सभ्य होते. म्हणाले, शिट्टी वाजलेली नाही, घंटा नंतर झाली, बॉल टोपलीत आहे, तेव्हा दोन गुण, आणि दोन बोटं वर केली. त्यानंतर काय गोंगाट झाला तो मी लिहीत नाही, मापं कमी करूनही तुमचा विश्वास बसणार नाही. किसन बांबू घेऊन बॉल काढायला आला तेव्हा पोरांनी त्याला अडवलं. सांजेपर्यंत बॉल तिथंच ठेवला, आणि उशिरा आलेल्या मंत्र्यांनी कप देण्याआधी त्या टोपलीलाच हार घातला.

प्राचार्यांनी हार मानली, तीही मोठ्या मनानं. त्यांनी आपली बाग कुंड्यांमध्ये केली आणि कुंड्या मैदानाच्या कडेनं मांडल्या. पुढं कितीतरी वर्षं आमचे बॉल तुळशीत, अडुळशात आणि कोरफडीत जाऊन पडायचे. पोरांना खरचटलं तर औषध तिथंच असायचं.

गास्पार मात्र त्या दिवशी बाकावर जाऊन बसला. मी शेजारी बसलो. म्हणालो, काय झालं? तो म्हणाला, “मास्तर, पुन्हा पाठ! सगळ्याईची पाठ!” आणि मग हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. थोड्या वेळानं टोपलीकडे बोट दाखवलं. “पन इथं,” तो म्हणाला, “इथं बॉल थांबला. लोक परत वळले तोपर्यंत थांबला.”

“अमेरिकेत टोपलीला बूड नाही,” मी म्हटलं.

“नाही ना बे,” तो म्हणाला.

पुढं बंदरातून यंत्र सुटलं. त्यानं ते जोडून दिलं आणि जायचा दिवस आला. स्टेशनवर इतकी गर्दी की आमच्या छोट्या गाडीला वाटलं असेल आपण मोठी गाडी झालो. बायकोनं डब्यात ठेचा दिला, वर दह्याचं मडकं. समाधान नुसता बुटाच्या नाड्या बांधत होता, बांधलेल्याच. आबासाहेब हार घेऊन येणार होते, त्यांचा अजून पत्ता नव्हता. गार्ड हिरवा बावटा घेऊन उभा. आमच्याकडे निरोप म्हणजे फार अवघड काम, लोक सोडत नाहीत.

शिट्टी झाली. गाडी हलली. दारात वाकून उभ्या असलेल्या गास्पारनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ओरडला:

“आले! आले!”

सगळा प्लॅटफॉर्म वळला. आबासाहेब आले असतील म्हणून टांगेवाले वळले, किसन वळला, गार्ड वळला. बायको वळली. समाधानसुद्धा वळला, आणि तो तर सरावातला होता.

या खेपेला मात्र मी वळलो नाही. गाडीच्या दारात त्यानं दोन्ही हात वर केले, हातात नसलेला बॉल स्टेशनच्या दिव्याकडे फेकला, आणि बॉल आत गेला की नाही ते माझ्याकडे बघून विचारलं. मी शिट्टी वाजवली आणि दोन बोटं वर केली.